एका पानाच्या अहवालाचे परीक्षण

पुस्तकांची आणि नाटकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या लेखात एका छापील पानाचे परीक्षण करायचे आहे. त्या पानावर प्रयोगशाळेचा शिक्का आहे, खाली सही आहे आणि मधे तीन रकान्यांचा एक तक्ता आहे. असली पाने आता खेडोपाडी पोचू लागली आहेत आणि ती वाचून दाखवण्याचे काम बहुधा गावातल्या विज्ञानशिक्षकाकडे येते. म्हणून हा खटाटोप.

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी अलिबाग-पेण खारेपाटातल्या एका माध्यमिक शाळेचे शिक्षक हे पान घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या गावात एक पुरवठादार फिरत होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणातून निघणारा गाळ शेणाबरोबर कुजवून त्याचे ‘मातीसुधारक सेंद्रिय खत’ केले आहे आणि ते शेताच्या बांधापर्यंत फुकट पोचवू, असे त्याचे सांगणे होते. शाळेच्या परसबागेसाठीही एक ट्रॉली भेट द्यायला तो तयार होता. परसबागेतला पालक आणि माठ शाळेच्या खिचडीत जातो. मुख्याध्यापकांनी साहजिकच म्हटले, “तुम्ही विज्ञानाचे. अहवाल वाचा आणि घ्यायचे की नाही ते सांगा.”

शिक्षकांनी मला विचारले, “मॅडम, सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत. मग हो म्हणू ना?”

अहवाल मी दोनदा वाचला. त्यातला एकही आकडा खोटा आहे, असे म्हणायला मला जागा नव्हती. तरीही ‘हो’ म्हणता येईना. का म्हणता येईना, ते या लेखात सांगते.

आधी खताची बाजू

कारखान्यातला टाकाऊ पदार्थ शेतात घालणे ही गोष्ट नवी नाही आणि मुळातच वाईट आहे असेही नाही. १८७८च्या सुमारास ब्रिटनमध्ये सिडनी गिलख्रिस्ट टॉमस याने फॉस्फरस असलेल्या लोखंडापासून चांगले पोलाद करण्याची रीत शोधली. त्या भट्टीतून निघणाऱ्या मळीत फॉस्फेट भरपूर असे. ती दळून युरोपातल्या शेतकऱ्यांनी पुढे कित्येक दशके खत म्हणून वापरली. आपल्याकडे साखर कारखान्यांची प्रेसमड शेतात जातेच. भाताच्या ‘खैरा’ रोगाचे कारण जमिनीतली जस्ताची कमतरता हे आहे, असे १९६०च्या दशकात पंतनगरच्या संशोधनातून कळले. तेव्हापासून झिंक सल्फेटचे महत्त्व वाढले. हे झिंक सल्फेट अनेकदा गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यांतून निघणाऱ्या जस्ताच्या राखेपासूनच तयार होते. भाताला जस्त हवे आणि कारखान्याला राख नको, असा हा दोघांच्याही सोयीचा व्यवहार आहे.

अडचण एवढीच, की जस्ताबरोबर त्याचा चुलतभाऊही येतो. आवर्तसारणीत जस्ताच्या खालच्या घरात कॅडमियम बसलेले आहे. खनिजांमध्ये दोघे एकत्र सापडतात आणि वनस्पतीच्या मुळांनाही त्यांच्यात फारसा फरक करता येत नाही. जस्ताच्या राखेत शिसेही असते. म्हणूनच आपल्या खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटमधल्या शिशावर आणि कॅडमियमवर मर्यादा घातलेली आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘रासायनिक’ खत म्हणजे विषारी आणि ‘सेंद्रिय’ म्हणजे निर्धोक, अशी विभागणी पुष्कळांच्या मनात असते. जड धातूंना ही विभागणी ठाऊक नाही. अलिबागजवळ थळ येथे नैसर्गिक वायू आणि हवा यांच्यापासून जो युरिया तयार होतो, त्यात जड धातू जवळजवळ नसतातच. कारण कच्च्या मालातच ते नसतात. उलट शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये जुन्या बॅटऱ्या आणि रंग यांतून शिसे आणि कॅडमियम येऊ शकते. कुजवल्याने दुर्गंधी जाते, रोगजंतू मरतात, पुष्कळ कार्बनी रसायनेही मोडतात. धातू मात्र मूलद्रव्य आहे. त्याला जिवाणू मोडू शकत नाहीत. शेण घालून गाळ कुजवला तर धातू विरळ होतो, नाहीसा होत नाही.

आता पान हातात घेऊ.

शितावरून भाताची परीक्षा

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ असा: नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे, निष्कर्ष त्या नमुन्यापुरतेच समजावेत. सगळ्या पानातले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आणि ते कोणीच वाचलेले नव्हते.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. ही परीक्षा खरी ठरते, कारण एका भांड्यातला, एका पाण्यातला, एका आचेवरचा भात सगळा सारखाच शिजतो. कारखान्याचा गाळ तसा नसतो. आज एक माल निघतो, उद्या दुसरा. आज टाकी धुतली जाते, उद्या नाही. महिन्याभरात निघालेल्या गाळाच्या ढिगातून एका कोपऱ्यातले एक किलो उचलले आणि त्यातले एक ग्रॅम तपासले, तर तो आकडा त्या एका ग्रॅमचा झाला. ट्रॉलीतल्या पाच टनांबद्दल त्यावरून काही म्हणायचे, तर ढिगाच्या अनेक भागांतून आणि अनेक दिवशी, शक्यतो तिसऱ्याच माणसाने घेतलेले नमुने हवेत.

कशात विरघळवले?

अहवालात ‘पद्धत’ या शब्दापुढे फक्त यंत्राचे नाव होते. यंत्र उत्तम होते. पण यंत्रात जाते ते पाणी. त्या पाण्यात धातू कसा उतरवला हे सांगितलेले नव्हते.

धातू मोजण्याआधी तो नमुन्यातून द्रवात आणावा लागतो. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत तीव्र आम्लात नमुना उकळतात. त्यामुळे जवळजवळ सगळा धातू बाहेर येतो. दुसऱ्या रीतीत डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणात तो दोन तास हलवतात. त्यामुळे पिकाला आज सहज मिळेल तेवढाच धातू निघतो. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा जस्त आणि लोह यांची उपलब्धता पाहण्यासाठी ही दुसरी रीत वापरतात आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण खतातल्या धातूंवर ज्या मर्यादा घातलेल्या आहेत, त्या एकूण धातूच्या आहेत. सौम्य द्रावणाचा आकडा एकूण धातूच्या मर्यादेशेजारी छापला, तर कितीतरी वाईट नमुनाही सहज उत्तीर्ण होईल. या अहवालात तसे झाले होते असे मी म्हणत नाही. तसे झाले नव्हते, हे त्यावरून कळत नव्हते.

असाच प्रश्न ओल्या-सुक्याचा. नमुन्यात निम्मे पाणी असेल, तर ओल्या वजनावर काढलेला आकडा सुक्या वजनावरच्या आकड्याच्या निम्मा येतो. क्रोमियमचेही तसेच. तीन संयुजेचे क्रोमियम मातीत बरेचसे निश्चल असते. सहा संयुजेचे पाण्यात विरघळते आणि कर्करोगकारक आहे. अहवालात नुसता ‘क्रोमियम’ असा एकच आकडा होता.

मर्यादा कोणाची?

तिसऱ्या रकान्याचे शीर्षक होते ‘मर्यादा’. तिथले आकडे ओळखीचे होते. खत नियंत्रण आदेश १९८५ सालचा; त्यात पुढे सेंद्रिय खतांचा समावेश झाला, तेव्हा शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ठरल्या. दर किलोग्रॅममागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५. हेच आकडे इथे उतरवले होते.

पण समोरचा पदार्थ शहरी कंपोस्ट नव्हता. घरांतला ओला कचरा कुजवून केलेल्या खतासाठी या मर्यादा लिहिलेल्या आहेत. त्यांची यादी करताना घराच्या कचऱ्यात काय सापडते याचा विचार झाला असणार. रासायनिक कारखान्याच्या गाळात काय असू शकेल, हे त्या कारखान्यात काय बनते यावर अवलंबून असते. यादीत नसलेला पदार्थ कोणी तपासत नाही आणि जे तपासलेच नाही ते अहवालात दिसत नाही.

शिवाय मर्यादा म्हणजे निसर्गनियम नव्हे. मैलागाळ शेतात घालण्यासाठी अमेरिकेने १९९३ साली जे नियम केले, त्यांत चांगल्या प्रतीच्या गाळात किलोमागे ३९ मिलिग्रॅम आणि कमाल ८५ मिलिग्रॅम कॅडमियम चालते. युरोपात १९८६च्या निर्देशानुसार २० ते ४० चालते. आपल्या कंपोस्टची मर्यादा ५. कॅडमियम सगळीकडे तेच आहे. जमीन कोणती, पीक कोणते, वर्षाला किती टन घालणार आणि माणूस काय खाणार, याबद्दलची गृहीते वेगळी आहेत. मर्यादा वाचताना तिच्यामागची गृहीते वाचली पाहिजेत.

नाव बदलले की

आपल्याकडे रासायनिक सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून निघणारा गाळ २०१६च्या घातक कचरा नियमांच्या यादीत येतो. त्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावण्यासाठी रायगड जिल्ह्यातच तळोजा येथे सामाईक केंद्र आहे आणि तिथे गाळ पाठवायचा तर कारखान्याला पैसे मोजावे लागतात. त्या गाळाचा दुसरीकडे उपयोग करायचा असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची तशी परवानगी लागते. ‘फुकट खत’ या शब्दांचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा. घेणाऱ्याला खत फुकट मिळते आणि देणाऱ्याचा विल्हेवाटीचा खर्च वाचतो. तेवढ्यावरून देणारा लबाड ठरत नाही. पण फायदा कोणाचा आहे आणि जोखीम कोणाच्या जमिनीवर आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कळते.

कागदावरच्या नावाने पदार्थ बदलत नाही, याचे उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावरच घडले. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात १३३ कंटेनर भरून तेल आले होते. कागदोपत्री ते ‘वंगणाचे तेल’ होते. तपासात ते टाकाऊ तेल निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला.

खताच्या बाबतीत असाच प्रकार अमेरिकेत गाजला. वॉशिंग्टन राज्यातल्या क्विन्सी या शेतकऱ्यांच्या लहानशा गावात पीक नीट येईना. गावच्या महापौर पॅटी मार्टिन यांनी खतात काय आहे याचा माग काढायला सुरुवात केली. ‘सिएटल टाइम्स’चे डफ विल्सन यांनी जुलै १९९७ मध्ये त्यावर लेखमाला लिहिली आणि २००१ साली पुस्तक. पोलाद कारखान्याच्या धुराड्यातली धूळ घातक कचरा म्हणून नोंदली जाई, खताच्या कारखान्यात शिरे आणि जस्ताचे खत म्हणून बाहेर पडे. तिच्यातले शिसे आणि कॅडमियम किती हे गोणीवर लिहिण्याचे बंधन नव्हते. हे सगळे तेव्हाच्या कायद्यात बसत होते. लोकांना धक्का बसला तो याच गोष्टीचा. १९९८ साली वॉशिंग्टन राज्याने खतांतल्या धातूंवर मर्यादा घातली आणि आकडे जाहीर करणे सुरू केले. २००२ साली अमेरिकी केंद्र सरकारने कचऱ्यापासून केलेल्या जस्त-खतांसाठी मर्यादा ठरवल्या. क्विन्सीतले पीक धातूंमुळेच बुडाले का, यावर मतभेद राहिले. पण गोणीत काय आहे हे घेणाऱ्याला कळले पाहिजे, ही मागणी त्या वादात टिकून राहिली.

गोणीचा हिशोब आणि शेताचा हिशोब

आता अहवालात जे मुळीच नव्हते त्याकडे वळू. अहवालातला आकडा किलोमागे मिलिग्रॅम असा होता. म्हणजे तो गोणीचा हिशोब होता. शेताचा हिशोब वेगळा असतो आणि तो आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेता येईल इतका सोपा आहे.

समजा खतात कॅडमियम नेमके मर्यादेवर, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे टनाला ५ ग्रॅम. दहा टनांचा एक ट्रक याप्रमाणे शेतकऱ्याने एकराला दोन ट्रक टाकले, तर हेक्टरी सुमारे ५० टन पडले. कॅडमियम झाले २५० ग्रॅम. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन साधारण वीस लाख किलो धरतात. त्यात २५० ग्रॅम मिसळले, तर मातीतले कॅडमियम किलोमागे ०.१२५ मिलिग्रॅमने वाढले. दरवर्षी असे केले तर दहा वर्षांत १.२५ मिलिग्रॅमने. स्वच्छ जमिनीत ते बहुधा किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली असते.

हे कॅडमियम पुन्हा बाहेर किती जाईल? हेक्टरी चार टन भात आला आणि दाण्यांत किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे खाण्यायोग्य तांदळाच्या मर्यादेइतके कॅडमियम उतरले असे धरले, तरी वर्षाला जातात १.६ ग्रॅम. एका बाजूने अडीचशे ग्रॅम येणार आणि दुसऱ्या बाजूने दीड ग्रॅम जाणार. बाकीचे मातीत साठत राहणार.

युरोपच्या नियमात म्हणूनच दोन वेगळ्या मर्यादा आहेत: गाळात कॅडमियम किती असावे, आणि हेक्टरी वर्षाला किती पडावे. ही दुसरी मर्यादा दहा वर्षांच्या सरासरीने १५० ग्रॅम आहे. आपल्या उदाहरणातले खत गोणीच्या हिशोबात आपल्या कडक मर्यादेतही बसले आणि शेताच्या हिशोबात युरोपच्या ढिल्या मर्यादेबाहेर गेले. विकत घेतलेले खत शेतकरी मोजून टाकतो. फुकटचे मोजून टाकत नाही.

खारेपाटाची माती

यापुढचा मुद्दा या किनाऱ्यापुरता खास आहे. खारेपाटात समुद्राला बांध घालून शेती उभी राहिली. उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे आणि भरतीचे आत येऊ द्यायचे नाही, हा तिचा प्राण. उधाणात बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन खारवते. अशा जमिनीच्या मालकाला ‘मातीसुधारक’ हा शब्द किती गोड वाटत असेल, हे मी समजू शकते.

पण खाऱ्या जमिनीत कॅडमियम वेगळे वागते. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला धरून त्याची विरघळणारी संयुगे बनवतो. एरवी मातीच्या कणांना चिकटून बसणारा धातू त्यामुळे पाण्यात राहतो आणि मुळांपर्यंत सहज पोचतो. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या शेतांतही हे दिसले आहे: पाणी खारट तिथे बटाट्यात कॅडमियम जास्त. म्हणजे तेच खत, तेवढेच, गोड्या जमिनीत घातले तर एक परिणाम आणि खाऱ्यात घातले तर दुसरा. प्रयोगशाळेत आलेल्या गाळाला तो कोणत्या जमिनीत जाणार आहे हे माहीत नसते.

भाताची आणखी एक गंमत आहे. चिखलात पाणी उभे असते तेव्हा हवा आत जात नाही. अशा मातीत सल्फेटचे सल्फाइड होते आणि कॅडमियम सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दसऱ्याच्या सुमारास पाणी ओसरते, जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते आणि बांधलेले कॅडमियम पुन्हा मोकळे होते. नेमका तेव्हाच दाणा भरत असतो. मग पाणी शेवटपर्यंत ठेवावे का? तर आर्सेनिक याच्या अगदी उलट वागते. उभ्या पाण्यात ते मोकळे होते आणि भातात चढते. दोन धातू (आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, तरी या यादीत त्याला घेतात) दोन दिशांना ओढतात. भातानंतर ओलीवर वाल किंवा पालेभाजी घेतली, तर माती हवेशीर असते आणि कॅडमियमला वाट मोकळी असते. त्यातही पालक, माठ, मुळ्याचा पाला ही पिके पानांत धातू जास्त साठवतात. शाळेच्या परसबागेत नेमकी हीच पिके होती.

ताटाचा हिशोब

शेवटी प्रश्न ताटाचा. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तिथून निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीचे सांडपाणी नदीत जाई आणि नदीचे पाणी भातशेतीत. तिथल्या अनेक बायांची, विशेषतः बरीच बाळंतपणे झालेल्या वयस्क बायांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे ठिसूळ झाली. वेदनेने त्या विव्हळत, त्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला. तिथली दूषित माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. ते प्रदूषण खाणीचे होते आणि फार मोठे होते. खताच्या एका ट्रॉलीची त्याच्याशी बरोबरी करू नये. पण भात खाणाऱ्या माणसापर्यंत कॅडमियम कोणत्या वाटेने येते, ते तिथे दिसले.

तांदळासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही तीच आहे. दुसरीकडे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली असे ठरवले, की माणसाच्या पोटात महिन्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम जाऊ नये. साठ किलोच्या माणसाला हे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम होते. आता खारेपाटातला कष्टकरी दोन वेळा मिळून ४०० ग्रॅम तांदूळ खातो असे धरा. तांदूळ मर्यादेवर असेल, तर पोटात गेले १६० मायक्रोग्रॅम, म्हणजे तिपटीहून अधिक. पंचवीस किलो वजनाच्या मुलाची दिवसाची पातळी सुमारे २१ मायक्रोग्रॅम. शाळेतल्या जेवणात प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य मिळते. तांदूळ मर्यादेवर असला, तर एका जेवणातच ४० मायक्रोग्रॅम झाले.

घाबरून जाऊ नये. बाजारातला तांदूळ सहसा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. मुद्दा एवढाच, की भाकरी-पोळी खाणाऱ्याला पुरेशी असलेली मर्यादा तिन्ही त्रिकाळ भात खाणाऱ्याला पुरेशी असेलच असे नाही.

मग काय सांगितले?

वीसेक वर्षांपूर्वी मी संशोधनाला नवी होते, तेव्हा एका शेतकऱ्याने असाच एक कागद माझ्यापुढे धरला होता. मी आकडे पाहिले, शेजारची मर्यादा पाहिली आणि ‘ठीक आहे’ म्हटले. दोन मिनिटे लागली. किती टाकणार, कुठे टाकणार, काय पिकवणार, यांतले काही मी विचारले नाही. पुढे काय झाले मला ठाऊक नाही आणि ते विचारायलाही मी गेले नाही. विज्ञानाचे शिक्षण झालेला माणूस आकडा पाहिला की निश्चिंत होतो. ती माझी चूक होती आणि ती पुन्हा करायची नव्हती.

शिक्षकांना मी सांगितले, की परसबागेत हे घालू नका. पोरांच्या ताटात जाणाऱ्या पालेभाजीसाठी शेणखत आणि पालापाचोळ्याचे कंपोस्ट पुरते; तिथे जोखीम घेण्याचे काहीच कारण नाही. शेतांसाठी पुरवठादाराला पत्र लिहा आणि पाच गोष्टी लेखी मागा. गाळ कोणत्या प्रक्रियेतून निघाला? नमुना कोणी, कधी आणि किती ठिकाणांहून घेतला? धातू एकूण मोजला की उपलब्ध, ओल्या वजनावर की सुक्या? हेक्टरी वर्षाला किती टाकायचे आणि किती वर्षे? आणि हा गाळ शेतीत वापरण्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी कुठे आहे?

पत्र शाळेच्या कागदावर गेले. उत्तर आले नाही आणि ट्रॉलीही आली नाही. त्यावरून गाळ वाईट होता असे सिद्ध होत नाही. आमच्याजवळ त्याचा स्वतंत्र नमुना नव्हता. उत्तर न येणे म्हणजे मोजमाप नव्हे, हे मी वर्गालाही सांगितले असते.

तोवर गावातल्या काही शेतांत मात्र ते खत पडून गेले होते. त्या शेतांची माती कृषी विद्यापीठाच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न्यावी, आम्लात उकळून एकूण कॅडमियम आणि शिसे मोजून घ्यावे, शेजारच्या खत न पडलेल्या शेताची मातीही सोबत द्यावी, आणि आकडे येईपर्यंत तिथे पालेभाजी करू नये, एवढे सांगून ठेवले आहे. शेजारच्या शेताचा नमुना विसरू नका. तुलनेसाठी काही नसेल, तर आलेल्या आकड्यावरून खताने काय केले ते कळणार नाही.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे वाक्य आपण मुलांना आवडीने शिकवतो. रिकाम्या डब्याचा कुंडा करताना ते ठीक आहे. धातूंच्या बाबतीत मात्र ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ मुलांना जरा थांबून सांगावा. आज शेतात पडलेले कॅडमियम त्यांची नातवंडे शेत नांगरतील तेव्हाही तिथेच असेल. शिक्षकांपैकी कोणाच्या हाती असा एक पानाचा अहवाल आला, तर तिसऱ्या रकान्यावर थांबू नका. तळाची बारीक ओळ आधी वाचा आणि मग पानावर काय नाही ते शोधा.